गुरुजींचं संग्रहालय आणि आईचं पोस्टकार्ड

आई गेली त्याला आठ महिने झाले आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्या माहेरी जायला निघाले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा एकटी. खडकीला आमचं औषधांचं छोटं दुकान आहे, ते नवऱ्यावर सोपवलं. पिशवीत चार दिवसांचे कपडे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि आईच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडलेलं एक पोस्टकार्ड.

पुण्यात आमच्याकडे चंद्रपूर म्हटलं की लोकांना वाघच आठवतो. नागपूरहून चंद्रपूरच्या एसटीत बसले तर तिथेही तेच. शेजारी वरोऱ्याच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या टोपीकडे आणि पाठीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"ताडोबाले चालल्या का जी?"

"नाही. आईच्या गावाला. चामोर्शीकडे."

"मंग तं आमच्याच इकडच्या तुमी," त्या म्हणाल्या आणि डब्यातली उकडलेली बोरं माझ्या हातावर ठेवली. मी इकडची आहे असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी बोरं खात राहिले.

भद्रावतीला मी उतरले. माझा जन्म इथला. वडील साताऱ्याचे, इथल्या कारखान्यात नोकरीला होते. आईचा मामा तिथेच कॅन्टीनमध्ये कामाला होता आणि शिवणक्लाससाठी आई त्याच्याकडे येऊन राहिली होती. दोघांनी लग्न केलं ते घरच्यांना न विचारता. आईचे वडील मासेमारी करणारे, तळ्याकाठच्या शिंगाडटोला नावाच्या वस्तीतले. त्यांनी मुलीशी बोलणं टाकलं. मी चार वर्षांची असताना आई मला घेऊन एकदा तिकडे जाऊन आली, एवढंच. मग वडिलांची बदली पुण्याला झाली.

कारखान्याच्या कॉलनीच्या फाटकातून पासशिवाय आत जाता येत नाही. मी रस्त्याच्या या बाजूला कडुनिंबाखाली उभी राहून आतल्या रांगांमधल्या क्वार्टरांकडे पाहिलं. आमचं कुठलं ते ओळखू आलं नाही. टपरीवाल्याकडे चहा घेतला, पुढची गाडी धरली.

त्या पोस्टकार्डाबद्दल इथेच सांगून टाकते. ते चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे. मजकूर असा:

"ति. सौ. सुमनबाईस शि. सा. न. वि. वि. बाबा गेल्या मंगळवारी वारले. अंत्यविधी आटोपला. आता येऊ नये. कळावे. यमुना."

यमुना म्हणजे आईची धाकटी बहीण. अक्षर मोत्यासारखं, आणि कार्डाची खालची निम्मी बाजू कोरी. हे कार्ड आलं तो दिवस मला अंधुक आठवतो. आई कणीक मळत होती. हात धुऊन तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि परत कणीक मळायला बसली. त्यानंतर ती माहेरी गेली नाही आणि माहेराबद्दल बोललीही नाही. दुकान थोडं स्थिरावल्यावर मी एकदा तिला म्हटलं होतं, चल, मी घेऊन जाते तुला. ती म्हणाली, "तिथे कोण ओळखतं आता." मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर ती नको म्हणाली तेव्हा मला थोडं सुटल्यासारखंच झालं होतं, कारण दुकान सोडून आठ दिवस जाणं मला तेव्हा जड होतं.

चंद्रपूरला पोचले तेव्हा ऊन असं होतं की जटपुरा गेटची सावलीसुद्धा गरम लागत होती. माझं डोकं गरगरायला लागलं. समोर औषधांचं दुकान दिसलं, आत गेले आणि मीठसाखरेची पुडी मागितली. दुकानदार साठीचे गृहस्थ होते. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, स्वतः पाण्यात पुडी कालवून दिली. मीही याच धंद्यातली म्हटल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत. शिंगाडटोला कुठे आहे विचारलं, तर त्यांना माहीत नव्हतं. माझ्या फोनच्या नकाशातही ते नव्हतं.

"असं करा," ते म्हणाले, "चामोर्शीच्या पुढं एक रिटायर गुरुजी आहेत, भोयर गुरुजी. बंद पडलेल्या शाळेत त्यायनं जुन्या वस्तूचं संग्रहालय केलं. चाळीस वर्षं त्या भागात नोकरी केली. कोणताबी टोला इचारा, त्यायले ठाऊक असते."

त्या दुपारी मी चुकीच्या गाडीत बसले. चामोर्शीची वाट मूलवरून, म्हणून पाटीवर मूल वाचलं आणि चढले, गाडी मूलवरून पुढे सिंदेवाहीला चालली होती आणि मला डुलकी लागली. कंडक्टरने मला पुढच्या फाट्यावर उतरवलं, उलट येणारी गाडी थांबवून दिली आणि तिच्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, "ह्या बाईले मूलले उतरवजो. झोपतेत." सगळी गाडी माझ्याकडे बघून हसली. मूलला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी मी चामोर्शीची गाडी धरली.

वैनगंगेचा पूल लागला तेव्हा पाणी पात्राच्या एका कडेला होतं, बाकी सगळी वाळू. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. पलीकडे धानाच्या बांध्या (भातखाचरं) कापून रिकाम्या पडलेल्या होत्या आणि त्यांच्या बांधांवर मोहाची झाडं एकेकटी उभी होती. चामोर्शीला उतरल्यावर ऑटोवाल्याने खर्ऱ्याचा (सुपारी-तंबाखूचा) तोबरा सांभाळत विचारलं, "गुरुजीच्या मुजियमले का?" बाहेरून बघायला येणारा माणूस मार्कंड्याच्या देवळाकडे जातो, असं त्याने सांगितलं. उरलेले गुरुजींकडे.

शाळा कवेलूंची (कौलांची), तीन खोल्यांची. गुरुजी नव्हते. अंगणात एक बाई तांदूळ पाखडत होत्या, त्या गुरुजींच्या पत्नी. "येतीलच ते आत्ता. तुमी पाहून घ्या तवरोक," म्हणाल्या आणि कडी काढून दिली.

मी बरीच संग्रहालयं पाहिली आहेत. पुण्यात पाहुण्यांना दाखवायला नेतो तशी. तिथे काचेच्या आत तलवारी असतात. इथे काच नव्हतीच. पहिल्या खोलीत, जमिनीवर अंथरलेल्या तरटावर स्वयंपाकघर मांडलेलं होतं. वस्तूंजवळ पुठ्ठ्याचे तुकडे, त्यावर निळ्या शाईने लिहिलेलं. पहिल्या ओळीत वस्तूचं नाव, खाली ती देणाऱ्याचे शब्द.

"गंज (पातेलं). माह्या लग्नात मायनं देल्ला. तीन लेकरायचा भात याच्यातच शिजला."

पुढे सराटा, म्हणजे उलथनं. गडवा, म्हणजे तांब्या. कोपर, म्हणजे परात.

मी तिथे उकिडवीच बसले. आई पुण्यात आली तेव्हा हेच शब्द बोलायची. "गंज उतरव," "सराटा दे." आणि "मी बाजारात जातो" म्हणायची, कारण तिकडे बायकाही तसंच बोलतात. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही हसले आहे. शाळेतून घरी आलेल्या मैत्रिणीसमोर मी आईला म्हटलं होतं, "जातो नाही, जाते म्हण." आई म्हणाली, "बरं, जाते." वर्षभरात तिने सगळे शब्द बदलून टाकले. इतके की ते तिचे होते हे मीच विसरून गेले होते. आता ते सगळे इथे तरटावर ओळीने मांडून ठेवलेले होते.

दुसऱ्या खोलीत धान साठवायची बांबूची ढोली होती, शेणाने सारवलेली, माझ्या खांद्याएवढी उंच. मापायची पायली, जाळी, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, आणि भामरागडकडून आणलेला एक कोरीव खांब, ज्याच्या पुठ्ठ्यावर गोंडी शब्द आणि त्यांचे अर्थ होते. भिंतीवर घरांचे फोटो. एका फोटोखाली लिहिलं होतं: "सांदवाडी. घरामागची वाडी. भाजीपाला इथी लावते."

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात आई सारखी म्हणायची, "सांदवाडीचं दार लावा." आम्हाला वाटलं, सांदवाडी हे गावाचं नाव असेल. मी फोनमध्ये शोधलंही होतं. नर्स म्हणाली, अशा वेळी लोक काहीही बोलतात. मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिले. फोटोत वांग्यांची दोन-चार झाडं, वेल चढवलेला मांडव आणि एक बांबूचं दार.

तिसऱ्या खोलीत फक्त एक डोंगा होता, एकाच खोडातून कोरलेली होडी. भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचली होती. पुठ्ठ्यावर लिहिलेलं: "डोंगा. माह्या बापानं कोरला. पावसाळ्यात डाक याच्यातूनच येत जाय."

आम्हा औषधवाल्यांचं अर्धं आयुष्य लोकांची अक्षरं लावण्यात जातं. डॉक्टर कोण ते मी सही न बघता सांगते. त्या पुठ्ठ्यावरच्या "येत"मधल्या "ये"ची मात्रा मागे झुकून शिरोरेषेवर जवळजवळ आडवी पडली होती. मी पिशवीतून पोस्टकार्ड काढलं आणि पुठ्ठ्याशेजारी धरलं. "आता येऊ नये." दोन्ही "ये" तसेच. शाई वेगळी, वर्षं मध्ये गेलेली, हात एकच.

गुरुजी आले ते सायकल ढकलत, हँडलला वाळक्या भोपळ्याचा जुना तुंबा लटकवून. कुणीतरी संग्रहालयासाठी दिला होता. सडपातळ, पांढऱ्या मिशांचे, पासष्टीच्या पुढचे. मी नाव सांगितलं आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा चढवला. वाचायला ओळी चारच होत्या, पण त्यांनी मान वर करायला फार वेळ लावला.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत होते. "शिंगाडटोल्याच्या शाळेवर मी चार वर्षं होतो. एकशिक्षकी शाळा. गावात लिहिता येणारा मी एकटाच. सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो."

"मावशीने असंच सांगितलं होतं का लिहायला?"

"आठवत नाही, ताई. खोटं कशाला बोलू. दोनशे पत्रं लिहिली असतील." त्यांनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. "ते जसं बोलत तसं मी लिहीत नसे. शुद्ध करून लिहायचो. मला वाटायचं तेच माझं काम. पोरं वर्गात 'मले' म्हणाली तर हातावर पट्टी द्यायचो मी." खोलीतल्या पुठ्ठ्यांकडे हात करून ते म्हणाले, "हे सगळं नंतरचं शहाणपण."

"मावशी आहे का?"

"आहे ना. यमुनाबाई आहे. त्याच घरात आहे." मग म्हणाले, "मी फोन करून विचारत नाही. आपण उद्या सकाळी जाऊ. मला तोंडावर ऐकायचं आहे."

त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवले आणि राहिले. गुरुजी ताटावर बसले, पण भात तसाच ठेवून उठले.

सकाळी त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर निघालो. मोह गळायचे दिवस. झाडांखालची जमीन लोकांनी झाडून ठेवलेली, तिच्यावर फिकट पिवळी फुलं, आणि टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बायका. हवेत गोडसर, आंबूस वास. बारा-तेरा किलोमीटरवर एक नाला लागला. आता त्यावर ठेंगणा पूल आहे. गुरुजींनी गाडी पुलावर थांबवली.

"हा पूल तेव्हा नव्हता. आषाढापासून दोन-दोन महिने शिंगाडटोला तुटलेला असायचा. डोंग्यातून डाक न्यायची, तीही पाण्याला ओढ कमी असली तर. डोंगेवाला काठावरून हाका मारायचा आणि मी ओट्यावर बसून लोकांची कार्डं लिहायचो." त्यांनी गाडी सुरू केली.

शिंगाडटोला म्हणजे तळ्याच्या पाळीखाली (बांधाखाली) तीस-चाळीस घरं. यमुनामावशी छपरीत (पुढच्या पडवीत) बसून वाळलेले झिंगे निवडत होती. काळीसावळी, बुटकी, केस सगळे पांढरे. मी तिला पाहिलं आणि माझे पाय अंगणातच थांबले. कपाळ, हनुवटी, सूप धरायची तऱ्हा, सगळं आईचं होतं.

"या गुरुजी, बसा," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहत राहिली. सूप खाली ठेवलं. "ही कोन होय?"

मीच म्हटलं, "मी मंगला. सुमनची."

ती उठली. जवळ येऊन माझा हात उचलला, मनगटाजवळचा भाजल्याचा जुना डाग पाहिला आणि म्हणाली, "हा इथीच पोळला होता तुले. चुलीपाशी." मग माझ्या मागे, अंगणाच्या फाटकाकडे पाहिलं. "बाई कुठी हाये?"

बाई म्हणजे मोठी बहीण. मी सांगितलं. ती मोठ्याने रडली नाही. खाली बसली, झिंग्यांमध्ये बोटं घालून ते उगीच इकडून तिकडे करत राहिली. सून पाण्याचा गडवा घेऊन आली ती दारातच उभी राहिली.

मग मावशी म्हणाली, "मोठ्या गावची झाली आन् आमाले इसरली, असं म्हनत जाय मी. लोकायले बी असंच सांगत होती."

तेव्हा गुरुजींनी कार्ड काढलं. बाजेवर जागा असून ते खाली जमिनीवर बसले होते. "यमुनाबाई, हे बाबा वारले तेव्हाचं. मी लिहिलेलं. वाचून दाखवतो." त्यांनी वाचलं. "आता येऊ नये" हेही वाचलं.

"एवढंच?" मावशीने विचारलं.

"एवढंच."

"मी असं नाई म्हटलं." तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मी म्हटलं होतं, नाल्याले पूर हाये, रस्ता बंद हाये, आता येऊ नोको म्हना. लहान पोरगी हाये तिच्यासंगं. पानी उतरल्यावर ये म्हना. बाबानं मरताना तुहंच नाव घेतलं म्हना. मी वाट पाहून राह्यली म्हना. हे सारं सांगतलं होतं गुरुजी तुमाले. तुमी मान हालवली."

गुरुजी म्हणाले, "हालवली असेल."

मावशीने कार्ड हातात घेतलं. तिला वाचता येत नाही. तिने अंगठा त्या कोऱ्या भागावरून फिरवला. "इथी तं जागा होती."

"होती."

"मंग काऊन?"

"डोंगेवाला हाका मारून राह्यला होता," गुरुजी म्हणाले. त्यांच्या तोंडून ते तसंच, घरच्या बोलीत आलं. "मले वाटलं, मुद्दा आला. बाकी पाल्हाळ. चुकलं माहं, बाई."

अंगणात कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती. मला वाटलं आता मावशी त्यांना हाकलून देईल, आणि दिलं असतं तर मी अडवलं नसतं. पण ती म्हणाली, "तवा तुमी पोरगेच होते. मिशी बी नोती फुटली बरोबर." मग माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज बदलला. "पन तिनं काऊन नाई इचारलं मले? मले लिवता येत नाई. तिले तं येत होतं. येक कार्ड टाकाचं. काऊन येऊ नोको म्हनते म्हून इचाराचं. मी का तिले असं म्हनन?"

"मला माहीत नाही, मावशी."

खरंच नव्हतं माहीत. आईला वडिलांच्या रागाचं ओझं होतं, ते मेल्यावर बहिणीनेही दार लावलं असं तिला वाटलं असेल. कदाचित त्याच भीतीने तिने विचारलं नाही, की उत्तर पुन्हा तेच आलं तर. मी हे काही मावशीला सांगितलं नाही. मी तिला फक्त सांगितलं की मी एकदा आईला इकडे आणायचं म्हटलं होतं आणि ती नको म्हणाली, आणि मी आग्रह केला नाही. मावशीने हे ऐकून घेतलं.

"मी बी कुठी गेली," ती म्हणाली. "तुह्या मावसाजीचं डोळ्याचं आपरेशन होतं तं नागपूरले गेलो. टेसनावर पुन्याची गाडी उभी होती. म्या डब्याले हात लावून पाह्यला. मावसाजी म्हने, चाल, आपली गाडी दुसरी हाये."

दुपारी तिने स्वतः रांधलं. सुनेला चुलीपाशी येऊ दिलं नाही. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि झिंगे घालून केलेलं भेद्र्याचं (टोमॅटोचं) कालवण. मी शेजारी बसले. तिने "सराटा दे" म्हणत हात पुढे केला आणि मी न विचारता तो दिला. तिने तो हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं.

"तुले सराटा म्हनतेत हे ठाऊक हाये?"

"आई म्हणायची."

आईने तो शब्द चाळीस वर्षांपूर्वी सोडून दिला होता आणि मला तो काल संग्रहालयात पुन्हा मिळाला, हे मी तिला सांगायचं टाळलं. ती खूश झाली होती.

जेवणानंतर तिने मला घरामागे नेलं. सांदवाडीत वांगी होती, मिरच्या होत्या, कोपऱ्यात लिंबाचं झाड. दार आता पत्र्याचं आहे, तारेने बांधलेलं. मी तिला दवाखान्यातली गोष्ट सांगितली.

"हो न," मावशी म्हणाली, "संध्याकाळी हे दार लावाचं काम बाईचं होतं. येक डाव इसरली तं शेळ्यायनं सारी भाजी खाल्ली. बाबा लई रागावले होते तिच्यावर." आणि मग सहज, घरातल्या माणसाला सांगतात तसं, "लाव ते. शेळ्या घुसतेत."

मी दार ओढलं आणि तार अडकवली.

निघायच्या आधी गुरुजींनी चाचरत विचारलं. कार्ड संग्रहालयात ठेवता येईल का. त्याच्या शेजारी ते पुठ्ठा लावतील, यमुनाबाईंनी खरं काय सांगितलं होतं ते तिच्या शब्दांत, आणि चूक कुणाची तेही स्वतःच्या नावासकट. मला ते योग्य वाटलं. मी मावशीकडे पाहिलं.

"नोको गुरुजी," ती म्हणाली. "येनारा मानूस आंदी कार्डच वाचन. म्हनन, बहिनीनं बहिनीले येऊ नोको म्हटलं. सारेच का खालचं वाचतेत? मी ठेवतो माह्यापाशी. बाईच्या हातातलं हाये ते." आणि तिने कार्ड चोळीत ठेवलं. मग गुरुजी रिकाम्या हाताने जाऊ नयेत म्हणून उठली आणि आढ्यावरून बाबांची जाळं विणायची लाकडी सुई काढून दिली. "हे न्या. याच्यावर काय लिवाचं ते मी सांगतो, तसंच लिवा."

गुरुजींनी खिशातून वही काढली. तिने सांगितलं, आणि ते लिहीत गेले. मध्ये दोनदा त्यांनी तिला थांबवलं आणि विचारलं, "इथं 'गेलती' म्हटलं की 'गेली होती'?" ती म्हणाली, "गेलती." त्यांनी खोडून तसं केलं. मग सगळं वाचून दाखवलं, आणि ती हो म्हणाली तेव्हाच वही मिटली.

मग आम्ही परत निघालो. चामोर्शीच्या थांब्यावर गाडीत बसवताना गुरुजी खिडकीपाशी उभे राहिले. "आणखी किती कार्डं असतील, ताई," एवढंच म्हणाले. गाडी हलली तरी ते तिथेच उभे होते.

पुण्याला येऊन आता महिना झाला. लोक विचारतात, काय पाहिलंस. मी वैनगंगा सांगते, डोंगा सांगते, मोहाचा वास सांगते. वाघ दिसला का, असं विचारतात. नाही म्हटलं की विषय संपतो. ज्यासाठी गेले होते ते मला मिळालं असं म्हणता येत नाही. मावशीने जे सांगितलं ते मी ऐकून काय उपयोग होता. ते ऐकायची जिला आस होती ती घरात नाही, आणि दुकान बंद करून घरी आल्यावर अजूनही मी ते तिला सांगायला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी जाते.

परवा दुपारी सुनेच्या फोनवरून मावशीचा फोन आला. ती फोनमध्ये ओरडून बोलते. जेवलीस का, दुकान कसं चालतं, तिकडे आंबे आले का. आवाज आईचा इतका आहे की मी गिऱ्हाईकाला थांबवलं आणि मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, तिच्याकडेही फार नव्हतं, तरी मी एकेक काहीतरी विचारत राहिले. मग तिचं बोलणं संपलं. फोन ठेवते म्हणायची तिला सवय नाही. तिने तो तसाच बाजेवर ठेवून दिला असावा, कारण मला अंगणातले आवाज ऐकू यायला लागले. कोंबड्या, कुणीतरी भांडी घासत असलेलं. शेजारीण आली असावी, तिने काही विचारलं. मावशी म्हणाली, "पुन्याहून होती. माह्या बाईची पोरगी होय."

मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले. समोरून बंद होईपर्यंत मी तो बंद केला नाही.